ऑनलाइन प्रमाणपत्र देणाऱ्यांनी आमचा वर्गही पाहावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेळघाटातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. गेल्या वर्षी इंग्रजी अध्यापनाचं एक ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवलं. ते कसं मिळवलं, हे आधीच सांगून टाकतो. गावात रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर मोहाच्या झाडाखाली दोन काड्या दिसतात. रोज संध्याकाळी तिथे जायचं, मोबाइल फांदीच्या बेचक्यात ठेवून व्हिडिओ लावायचा आणि खाली बसून पोषण आहाराची नोंदवही पूर्ण करायची. व्हिडिओ संपला की हिरवी खूण. चाचणीची उत्तरं ग्रुपवर आलेलीच असत, ‘१-ब, २-ड’ अशी. मला ९२ टक्के पडले, आमच्या मॅडमना ९६.

ऑनलाइन शिक्षण वाईट, असं मला म्हणायचं नाही. प्रशिक्षणाला धारणीहून अमरावती गाठायची तर घाट उतरण्यातच अर्धा दिवस जातो, आणि तेवढे दिवस शाळा एकशिक्षकी होते. शिवाय एक व्हिडिओ मी खरंच नीट पाहिला, अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज यांतल्या फरकाचा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण शिकवणारे माझ्या वयाचे आम्ही एबीसीडी गिरवली ती पाचवीत. ‘बी-ए-टी बॅट’ हे मी वर्षानुवर्षं घोकून घेत आलो. बी, ए, टी जोडून बॅट होतच नाही, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पुढे मात्र गाडी अडली. ‘मुलांच्या मातृभाषेचा आधार घ्या’ असं अभ्यासक्रमात वारंवार सांगितलं होतं आणि उदाहरणं सगळी हिंदीतली. इंग्रजी ही ‘दुसरी भाषा’ धरलेली. आपल्या दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलालाही ती तिसरी असते. माझ्या वर्गात घरी कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, म्हणजे चौथी.

तिसरीत ‘बॉय-बॉइज’ शिकवत होतो. मराठीवरून समजावू गेलो तर घोडा-घोडे, झाड-झाडं, गाय-गायी. दर शब्दाची वेगळी तऱ्हा. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे कू का, सर?” कोरो म्हणजे माणूस, त्याला कू लावला की माणसं, कोरकू हे नावच मुळी अनेकवचन आहे. नऊ वर्षं या मुलांत राहून हे मला सुचलं नव्हतं. पाच मिनिटांत सगळा वर्ग शेवटी ‘एस’ लावत सुटला. मग तिनंच विचारलं, “अन् दोन असले तर?” कोरकूत दोघांसाठी वेगळं रूप आहे. मी म्हटलं, इंग्रजीत दोन काय अन् दोनशे काय, एकच एस. संध्याकाळी टेकाडावर बसल्यावर ‘बोथ’ हा शब्द आठवला.

तो तास कोणी पाहिला नाही. केंब्रिजचं ‘सेल्टा’ नावाचं प्रमाणपत्र आहे, साधारण १२० तासांचं. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवून दाखवावं लागतं. प्रशिक्षक तो वर्ग पाहतात आणि चुका सांगतात. तेही आता पूर्ण ऑनलाइन करता येतं. फी पाहून मी तो नाद सोडला, पण एक गोष्ट कळली: वर्ग न पाहण्याला ‘ऑनलाइन आहे ना’ ही सबब चालत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातले चार-पाच तास व्हिडिओ बघण्याऐवजी आमचा व्हिडिओ बघण्यात घालवा. वीस मिनिटांचा तास आम्ही मोबाइलवर घेऊ. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातोच, तिथून पाठवू. कोणी जाणकारानं तो पाहून फोन करावा, आणि कृपा करून मराठीत बोलावं. आता वर्गात कोणी आलंच तर हजेरी मोजतं, खिचडी चाखतं आणि जातं. आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत महिन्याकाठी असा एक तास पडद्यावर लावला, तरी लाजेकाजेनं आम्ही उत्तरं ग्रुपवर मागणं कमी करू.

माझ्या प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकाला लावायला दिली आहे. त्या मुलीला दिलेलं उत्तर बरोबर होतं का, हे मला अजून कोणाला तरी विचारायचं आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. धारणी, जि. अमरावती