झोपेत पोटऱ्यांची वळवळ थांबते का, हे विचारणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

ताई, नमस्कार.

निफाडहून पोटऱ्या शेकायला येणारा द्राक्ष बागायतदार म्हटलं की तुम्हाला आठवेल. नाशिकला पुष्कळ दवाखाने केले, पण आभार मानायचेत ते तुमच्या एका प्रश्नाचे: "काका, झोपेत थांबतं का हे?"

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. छाटणीत कात्री दाबली की मूठ पटकन उघडायची नाही, बोटं एकेक करून सोडवावी लागायची. निफाडची थंडी ती, माणसं कानटोपी घालून शेकोटीला बसलेली आणि माझी बंडी घामाने ओलीचिंब. पोटरीच्या कातडीखाली तर अळ्या वळवळाव्यात तसं चाललेलं. कुणी वात म्हणालं, एका डॉक्टरांनी टेन्शनवर ढकललं. तुम्ही मात्र शेक राहू दिलात, पोटरीवर बॅटरी धरून बराच वेळ बघत बसलात आणि आमच्या हिला रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावलात. मी घोरतोय आणि पोटऱ्या आपल्या चालूच! ही आधी हसली, मग घाबरली.

तो व्हिडिओ आणि तुमची चिठ्ठी बघून न्यूरोलॉजिस्टनी ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे इशारे बघायची तपासणी, करायला घेतला. पाय ढिला सोडलेला, तरी सुई टोचल्याबरोबर मशीन तडतडायला लागलं. नसेने एकदा द्यायचा इशारा ती लागोपाठ दोन-तीनदा देत होती. आयझॅक्स सिंड्रोम. डॉक्टर म्हणाले, १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. आयझॅक्सनी दाखवलं, की ही हालचाल झोपेत थांबत नाही, पूर्ण भूल दिली तरी नाही. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू न देणारं क्युरारे दिलं की मात्र थांबते. म्हणजे खोट नसेत, स्नायूत नाही. मनात तर नाहीच नाही!

रक्तात कॅस्पर-२ या नसेवरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीज निघाल्या, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच नसांवर उठलेली. या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असू शकते म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला, तो चांगला आला. आता कार्बामाझेपिन चालू आहे. फिटची गोळी म्हणून भाऊबंद कुजबुजतात, कुजबुजू देत. सुरुवातीला गरगरायचं, सोडियमही अधूनमधून तपासावं लागतं, पण मूठ उघडते. यंदा छाटणीला मजुरांबरोबर मीही उभा राहिलो.

चिठ्ठीचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. माल निघाला की पुतण्याबरोबर थॉमसन द्राक्षांच्या दोन पेट्या पाठवतो. त्याला परत पाठवू नका, तो ऐकणारा नाही.

आपला,
निफाडचा पेशंट