सीटी व्हॅल्यूचा नुसता आकडा रिपोर्टवर छापू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी आरटी-पीसीआर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. स्वॅबमध्ये विषाणू किती, याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू; तो जितका लहान, तितका विषाणू जास्त. करोनाच्या लाटेत एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन खिडकीशी आले. “आईची सीटी ३३ आलीय. म्हणजे धोका टळला ना?” त्या आजींचा स्वॅब मीच घेतला होता. काडी आत जाताच त्यांनी मान झटकली आणि ती नाकाच्या तोंडाशीच फिरली. तापाचा तिसरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी नीट स्वॅब घेतला, सीटी आली १९.

विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, यंत्राला दिसेपर्यंत प्रती काढण्याच्या किती फेऱ्या लागल्या, ती सीटी. दर फेरीला आरएनएवरून बनवलेल्या डीएनएच्या प्रती जवळपास दुप्पट होतात, त्यामुळे २० आणि ३० मध्ये सुमारे हजारपटीचा फरक पडतो. पण हा हिशेब एकच किट, चाचणीत शोधलेले विषाणूचे एकच जनुक आणि सारखाच स्वॅब असेल तरच खरा. शिवाय नुकती लागण झालेल्याची ३२ आणि बरा होत आलेल्याची ३२ कागदावर सारखीच दिसते. पहिल्याचा विषाणूभार, म्हणजे अंगातले विषाणूचे प्रमाण, अजून वाढायचा असतो. दुसऱ्याच्या नाकात आरएनएचे निर्जीव तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात.

दम लागतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात, नाकातला भार उतरत असताना, कारण तेव्हा फुप्फुसांत शरीराचाच दाह पेटलेला असतो. म्हणून सीटी बघून कुणाला घरी पाठवणे मला भयंकर वाटते. तिथे ऑक्सिजन, वय आणि सहव्याधीच बघायला हव्यात.

मोजणी निरुपयोगी आहे असे मात्र नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत जिवंत विषाणू महिनोन्‌महिने टिकू शकतो. औषध लागू पडतेय का, हे तिथे एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा भार मोजला तर कळते. एचआयव्हीत आपण हे करतोच. करोनाच्या आरएनएसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे, मोजणी ताडून पाहण्यासाठीचे प्रमाणित मानकही डिसेंबर २०२० पासून आहे. अशा रुग्णांची मोजणी त्या मानकाशी जुळवून करण्याची सोय करावी. इतर रिपोर्टांवर सीटी छापायचीच असेल, तर शेजारी लक्षणांचा कितवा दिवस, कोणते किट, कोणते जनुक आणि स्वॅब पुरेसा होता का, हे लिहिणे सक्तीचे करावे.

त्या गृहस्थांना मी थांबवून आईचा ऑक्सिजन मोजायला सांगितले, कारण ते खिडकीशी आले होते. बाकीच्यांना रिपोर्ट मोबाइलवर जातो.

आपली नम्र,
प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ