मधला भाग मनात वाचा

ती. आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मार्चला पेन्शनवर येतो म्हणालो होतो. येत नाही. कागद मागे घेतले. परवा पलटणीबरोबर सियाचीनला वर चढतोय, दुसऱ्यांदा. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी काहीतरी खोटं बोलून फोन ठेवला असता, म्हणून लिहितोय. रागवा, पण जेवण सोडू नका.

आई, तिथं लढाई नाही. नोव्हेंबर २००३ पासून तिथल्या तोफा बंद आहेत, आण्णांना विचार. कपडे भारी मिळतात. बूट असे की पाय तुझ्या गोधडीत असल्यासारखे. काजू, बदाम, डब्यातली फळं, सगळं येतं. झोपडीत रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी असते. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी मात्र पोरं दोन दिवसांत संपवतील.

आण्णा, इथून पुढं ‘आई’ येईपर्यंत मनातल्या मनात वाचा.

थंडी उणे पन्नासपर्यंत जाते. घाम हातमोज्यातच गोठतो, उघडं बोट रायफलच्या लोखंडाला लागलं तर कातडी तिथंच राहते. भूक मरते, झोप मरते. रात्री बर्फ कडक असताना सगळ्यांनी एका दोरीला बांधून चालायचं. पुढचा भेगेत गेला की मागच्यांनी जागच्या जागी आडवं पडून कुऱ्हाड बर्फात रोवायची. माझ्या सेक्शनमधली दोन पोरं विशीतली आहेत, पहिल्यांदाच येतायत. एकानं विचारलं, “उस्ताद, दोरी तुटते का?” मी नाही म्हणालो. असं सांगून मी खाली कसा थांबू?

पगार थोडा वाढेल, धाकटीची फी भागेल, हेही आहेच. पण खरं कारण ते पोरगं.

तुम्ही तरी कुठं मागं फिरलात? १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, ब्रह्मपुत्रा ओलांडून तुमची जंगी पलटण जमालपूरच्या पाठीमागं जाऊन बसली. शरण या म्हटल्यावर पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली, हे तुम्ही अख्ख्या गावाला शंभरदा सांगितलंय. पण त्या रात्री खंदकात बसलाय, अंधारात बुटांचा आवाज जवळ येतोय आणि हुकमाआधी घोडा दाबायचा नाही, हे फक्त मला सांगितलंत, उसाला पाणी धरताना. भ्यालात का, विचारलं तर म्हणालात, “शेजारचा तंबाखू मळत होता. तो आवाज येत होता तोवर बरं होतं.” माझी पोरं तंबाखू खात नाहीत, मी खाऊ देत नाही. पण शेजारी कुणीतरी असावं लागतं, आण्णा.

आई, २०१६ ला लान्सनायक हणमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाला तेव्हा तू देव पाण्यात ठेवले होतेस. मी राजस्थानात, उन्हात होतो, तरी फोन करून पायमोजे घातलेस का विचारलंस. घातले होते. आताही दोन-दोन घालीन. लहानपणी थंडीत तू माझी बोटं चुलीपुढं धरून चोळायचीस, तशी रोज स्वतःच चोळीन.

आता माझे हुकूम. आण्णा, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलायचं नाही. ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड कपाटात शालूखाली आहे. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, मी नाही म्हणून विसरायचं नाही. आई, गुडघ्याची गोळी उपाशीपोटी नको. म्हैस विकून टाका, मी व्यापाऱ्याशी बोललोय. आणि आण्णा, परवा रात्री अकराला तुम्ही एकटे मोटर बंद करायला गेला होता, हे मला इथं बसून कळलंय.

महिनाभर फोन आला नाही तर लाईन नाही, एवढंच समजा.

आई विचारेल, मधेच का थांबलात. चष्मा पुसत होतो म्हणा.

तुमचा,
बाळू