पडद्यावरचा बाण पुरे झाला

महोदय,

मी प्रॉडक्ट डिझाइनची विद्यार्थिनी. भविष्यातलं दिशादर्शक उपकरण असा प्रकल्प मिळाला की वर्गात बहुतेक जण हवेत तरंगणारे नकाशे काढतात. दिसतात झकास, पण चालणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं कधी? मी मनगटी पट्टा करतेय: डावीकडे वळायचं तर डावी कड थरथरते. पडदाच नाही.

खरी डोकेदुखी इमारतीच्या आत. जीपीएसला किमान 4 उपग्रहांचे संकेत लागतात. सुमारे 20,000 किलोमीटरवरून येईपर्यंत ते इतके क्षीण होतात की काँक्रीटपुढे हात टेकतात. होकायंत्राची चिप तर लोखंडी कपाटाजवळ नेली की उत्तर भलतीकडेच दाखवते!

परीक्षकांनी चकचकीत चित्रं बाजूला ठेवून, नमुना मनगटाला बांधून डोळे मिटून जिना शोधावा. मग द्यावेत गुण.

— एक विद्यार्थिनी