कोणाला बोलवायचे, हे कायद्याने ठरवले. व्यवस्थेने ठरवलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेतील व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात नेण्याविषयीची चर्चा बहुधा तिला तिथे किती काळ ठेवता येते, या मुदतीभोवतीच फिरते. कॅलिफोर्नियाचा कायदा त्यासाठी ७२ तास देतो. इंग्लंडमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांसाठी ही मुदत २०१७ मध्ये ७२ तासांवरून २४ तासांवर आणली गेली. मुदत हवीच, परंतु सक्तीचे रूपांतर उपचारात होणार की आयुष्यभराच्या धास्तीत, हे पुष्कळदा पहिल्या तासाभरातच ठरून जाते.

आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (२०१७) हे ओळखले आहे. रुग्णाच्या जीविताला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी रुग्णाच्या घरीही, तातडीचे उपचार करू शकतो आणि रुग्णाला मूल्यमापनासाठी जवळच्या केंद्रात नेणे हा त्या उपचारांचाच भाग मानलेला आहे. पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला कोठडीत ठेवण्यासही कलम १०० ने मनाई केली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हे काम वैद्यकीय आहे. मध्यरात्री घाबरलेल्या कुटुंबाकडे मात्र अनेकदा पोलिसांना फोन करण्यावाचून मार्ग नसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, पण तिथला समुपदेशक दारात येऊ शकत नाही.

आपल्याला पकडायला कोणीतरी येणार आहे, असे ज्याला आधीच वाटत असते, त्याच्या दारात गणवेशातील माणसे उभी राहिली की त्याची भीती त्याच्यापुरती खरी ठरते. फोन करणारी आई त्याच्या दृष्टीने त्या कटात सामील होते आणि पुढे बरे वाटल्यावरही तो आपणहून डॉक्टरकडे जायला धजावत नाही. हे नुकसान कोणत्याही कागदावर नोंदले जात नाही, म्हणून ते मला अधिक गंभीर वाटते.

माझी आग्रहाची विनंती आहे की रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांना या प्रसंगांचे प्रशिक्षण द्यावे, पोलिसांनी गरज पडली तरच मदतीला यावे आणि कोठे, कशासाठी व किती काळ नेत आहोत, हे रुग्णाला शांतपणे सांगणे बंधनकारक करावे. कुटुंबांनीही रुग्ण सावरलेला असताना त्याच्याकडून त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारी त्याने निवडलेली व्यक्ती, ठरवून घ्यावा. त्यासाठी साध्या कागदावर लिहून केलेली रुग्णाची सही किंवा अंगठा पुरतो.

आपला,
एक वाचक