बॅटरी मागितली तर नवीन फोन घ्या म्हणता, हे कसं चालेल?

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर, हेड ऑफिस

विषय : जुन्या फोनची ओरिजिनल बॅटरी मिळत नाही आणि सर्व्हिस सेंटरवाले नीट तपासतही नाहीत याबद्दल तक्रार

सर / मॅडम नमस्कार,

मी बार्शीत ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं काम करते. तुमच्या कंपनीचा फोन 2019 च्या दिवाळीत घेतला, 3 जीबी रॅम, 32 जीबी मेमरी, बॅटरी 4000 एमएएच, बिल अजून जपून ठेवलंय. फोन चांगला आहे हे आधीच सांगते, स्क्रीनला ओरखडा नाही, स्पीकर खणखणीत, कॅमेरा माझ्या कामापुरता एकदम बरोबर. गिऱ्हाइकांची मापं, गळ्याच्या डिझाईनचे फोटो, ऑर्डरी, गुगल पेचे पैसे सगळं याच्यावरच चालतं, म्हणून तो बंद पडला की माझं कामच थांबतं.

त्रास असा आहे की तीस-पस्तीस टक्के चार्जिंग दिसत असताना फोन फटकन बंद होतो. विशेष करून कॅमेरा उघडला आणि फ्लॅश लागला की, नाहीतर रेंज कमी असताना कॉल आला की. आणि चार्जरला लावून चालू केला तर परत तेच तीस टक्के दाखवतो, म्हणजे चार्जिंग संपलेलं नसतं. त्यात आता मागचं कव्हर एका कडेनं किंचित वर आलंय.

मी सोलापूरला तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन घेऊन गेले, एसटीनं, दुकान बंद ठेवून. काउंटरवरच्या मुलानं फोन हातात घेतला, सेटिंग उघडली आणि म्हणाला मॅडम फॅक्टरी रिसेट मारावं लागेल, डेटा जाईल. मी म्हटलं अहो कव्हर वर आलंय ते बघा, तर अंगठ्यानं दाबून म्हणाला गोंद सुटलाय. दाबून! बॅटरी फुगलेली असू शकते तिथे दाबायचं नसतं, हे मला माहीत आहे आणि तुमच्या माणसाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर आतले थर एकमेकांना लागून शॉर्ट होतात आणि पेट घेऊ शकते, घरात लहान पोरं असतात, उशीजवळ फोन असतो लोकांच्या. आणि मी बॅटरीच बदलून द्या म्हटलं तर म्हणे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, तसा मदरबोर्डचा पण प्रॉब्लेम वाटतोय, बोर्डाचे 6,800 रुपये होतील, त्यापेक्षा नवीन घ्या, एक्सचेंज ऑफर चालू आहे. मीटर लावलं नाही, फोन उघडला नाही, नुसतं बघून बोर्ड गेला म्हणून सांगितलं, आणि जॉबशीटवर लिहिलं "कस्टमर रिपेअरला तयार नाही". हे खोटं आहे, मी तर पैसे घेऊन रिपेअरलाच आले होते.

जे तुमच्या सेंटरनं करायला हवं होतं ते माझ्या भाच्यानं घरी बसून केलं, तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करतो. फोन स्लो होता त्याचं कारण वेगळं निघालं, मेमरी जवळजवळ भरली होती, व्हॉट्सअपचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आणि फॉरवर्ड काढून टाकले, माझे फोटो मेमरी कार्डवर आणि ड्राइव्हवर घेतले, तर फोन बराच हलका चालायला लागला. चार्जिंग हळू व्हायचं, केबल सैल बसायची, तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं पोर्टमधला कापसाचा भुगा हळूच काढला, शिलाईच्या दुकानात तो साचतोच, आणि केबल पूर्वीसारखी घट्ट बसली. कॉल चालू असताना स्क्रीन काळी व्हायची नाही, ते नवीन लावलेल्या जाड काचेमुळे होतं, फोन कानाजवळ आला की ओळखणारा सेन्सर झाकला जात होता, काच बदलली आणि संपलं. हे सगळं झाल्यावर सेफ मोडमध्ये फोन चालवला, सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप चालत नाहीत ना, तरी कॅमेरा उघडल्यावर फोन बंद झालाच. मग ॲपचा दोष कसा असेल? कव्हर वर आलेलं दिसल्यावर मात्र त्यानं फोन स्विच ऑफ करून ठेवायला लावलाय आणि चार्जिंगला लावू देत नाही.

त्यानं मला समजावलं ते मला पटलं. लिथियमची बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की पहिल्यासारखी राहत नाही, क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते आणि आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढत जातो. मग कॅमेऱ्यानं किंवा नेटवर्कनं एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली पडतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. रिसेट मारून सॉफ्टवेअर कोरं होतं, बॅटरीतलं केमिकल नवीन होत नाही. माझ्या गिऱ्हाइकांची सगळी मापं पुसून हा त्रास तसाच राहिला असता. शिलाई मशीनचा बेल्ट तुटला तर मी बेल्ट आणते, मशीन भंगारात घालत नाही.

आणि ही गोष्ट तुम्हाला माहीत नाही असं नाही. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं जगासमोर मान्य केलं की जुन्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून ते सॉफ्टवेअरनं फोनचा वेग कमी करत होते, लोक भडकले, तेव्हा त्यांनी बॅटरी बदलायचे 79 डॉलर होते ते 29 वर आणले आणि पुढच्या वर्षी सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दाखवायची सोय दिली. तुमच्या फोनमध्ये ती सोय असती तर माझ्यासारखीला सोलापूरपर्यंत हेलपाटा घालायची वेळ आली नसती. युरोपात 20 जून 2025 पासून नियम आहे की नव्यानं विकायला येणाऱ्या फोनचे महत्त्वाचे पार्ट विक्री बंद झाल्यावरही 7 वर्षं मिळाले पाहिजेत आणि बॅटरीची क्षमता 800 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही 80 टक्के टिकली पाहिजे. तो नियम माझ्या फोनला लागू नाही, मला कळतं. पण कंपन्यांना पार्ट ठेवता येतात हे तर त्यावरून दिसतं ना, मग आमच्याकडेच मॉडेल बंद झालं की हात वर का? आपल्या सरकारनं पण डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय.

बाजारात याच मॉडेलची बॅटरी मिळते, स्वस्तात, पाकिटावर तुमचंच नाव, पण ती डुप्लिकेट आहे हे दुकानदार स्वतःच सांगतो. आमच्या गल्लीत तुमचे असे जुने फोन अजून बऱ्याच जणींकडे आहेत, त्या तीच बॅटरी टाकतात कारण दुसरा मार्गच तुम्ही ठेवलेला नाही. उद्या त्यातली एखादी पेटली तर?

मला पुढच्या गोष्टी लेखी हव्यात. या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी कुठे आणि किती रुपयात मिळेल, आणि नसेलच तर कंपनीनं मान्य केलेली चालणारी बॅटरी कोणती. फोन उघडून बॅटरी मोजून खरा रिपोर्ट द्यावा, बोर्ड गेला असेल तर कशावरून ते लिहावं, आणि रिपेअर करताना डेटा पुसायचा नाही. जॉबशीटवरचं खोटं वाक्य काढून टाकावं. आणि फुगलेल्या बॅटरीचा फोन कसा हाताळायचा हे तुमच्या काउंटरवरच्या पोरांना शिकवा, त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी 1915 वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे आणि तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही हे मी विचारून ठेवलंय.

सोबत बिल, जॉबशीट आणि वर आलेल्या कव्हरचा फोटो जोडलाय. बॅटरी आली की कळवा, मी फोन घेऊन येते, पैसे द्यायला तयार आहे.

आपली ग्राहक,
बार्शी, जि. सोलापूर