मशीन स्वस्त, पण सिलिंडरचं काय?

संपादक महोदय,
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व अवस्थेवर उपचार करायला गरीब देशांसाठी स्वस्त उपकरणं बनवण्यावरचा तुमचा लेख वाचला, चांगला आहे, पण सगळा जोर मशीनच्या किमतीवर दिलाय ते काही पटलं नाही.

क्रायोथेरपीचंच (दोष असलेला भाग गोठवून नष्ट करायची पद्धत) बघा ना, मशीन साधंच असतं पण त्याला लागतो कार्बन डायऑक्साइड नाहीतर नायट्रस ऑक्साइडचा जड सिलिंडर, तो गाडीत घालून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत न्यायचा, संपला की परत भरून आणायचा, आणि गॅस नसला की तपासणीत दोष सापडलेली बाई उपचाराविना घरी जाते, आणि एकदा गेली की परत येईलच असं नाही. थर्मल अ‍ॅब्लेशनला (तोच भाग उष्णतेने जाळून नष्ट करायची पद्धत) गॅसच लागत नाही, हातात मावणारं बॅटरीवरचं यंत्र, टोक साधारण 100 अंशांपर्यंत तापवून 20 ते 30 सेकंद टेकवायचं, बस. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) 2019 मध्येच त्याला मान्यता दिलीय. (दोष मोठ्या भागावर पसरला असेल तर ते चालत नाही, हेही लेखात यायला हवं होतं.)

तेव्हा डिझाइन करणाऱ्यांनी आधी हे सांगावं की बॅटरी एका चार्जिंगवर किती जणींना पुरते आणि यंत्र बिघडलं तर तिथल्या तिथे दुरुस्त कोण करणार.

– एक वाचक